क्लीनरूम नसेल तर चॅनेल कशात बनवायचं?

प्रश्न: मी एमएस्सी करतेय, प्रोजेक्टला साधी मायक्रोफ्लुइडिक चिप हवीये, म्हणजे बारीक चॅनेलमधून थेंबभर द्रव वाहतो अशी. क्लीनरूम म्हणजे धूळमुक्त खोली नाही, अशा चिपसाठी वापरतात ते सिलिकॉन रबर, पीडीएमएसही नाही. काचेची स्लाइड आणि तिच्यावरची पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिप, यांच्यामध्ये डबल साइड टेप लावून पाहिली, पण कडेने पाणी झिरपतं आणि आत बुडबुडे अडकून बसतात. लॅबमधल्या दुसऱ्या कशातून जमेल का?

उत्तर: जमेल की! बाटल्यांच्या तोंडाला गुंडाळतो ती मेणासारखी पट्टी, पॅराफिल्म घ्या, मला तरी सुरुवातीला टेपपेक्षा हीच बरी वाटते. जाडी साधारण १२७ मायक्रॉन, म्हणजे चॅनेलची उंची आयतीच मिळते. फक्त ताणू नका, ताणली की पातळ होते, आणि उंची निम्मी झाली की प्रवाहाला अडथळा जवळजवळ आठपट वाढतो.

आधी काच इथेनॉलने पुसून पूर्ण कोरडी करा, कारण झिरपण्यामागे बहुतेक वेळा बोटांचा तेलकटपणा नाहीतर धूळच असते. मग स्लाइडवर ३ मिलिमीटर अंतर सोडून दोन पट्ट्या ठेवा, वर २२ मिलिमीटरची कव्हरस्लिप, आणि हॉटप्लेटवर ६० अंशांच्या थोडं वर तापवा. दुधट पट्टी पारदर्शक व्हायला लागली की चिमट्याच्या मागच्या टोकाने हलकेच दाबायचं आणि लगेच उतरवायचं, जास्त तापली तर मेण चॅनेलमध्ये ओघळतं आणि सगळी मेहनत वाया जाते हो. आत जेमतेम ८ मायक्रोलिटर मावतात!

बुडबुड्यांचं म्हणाल तर पहिल्यांदा इथेनॉल सोडा, ते काचेवर पटकन पसरतं, मग त्याच्यामागून बफर, म्हणजे तुमचं आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण. एका टोकाला पिपेटने थेंब द्या, दुसऱ्या टोकाला फिल्टर पेपरचा तुकडा टेकवा, तो ओढून घेतो, पंप लागतच नाही. बफर फ्रिजमधून काढून थेट वापरू नका, गरम होताना त्यातली हवा बाहेर येते आणि परत तेच रडगाणं. टोल्युइनसारखं सॉल्व्हंट असेल तर मात्र हे डिझाइन सोडा, पॅराफिल्म विरघळते.

आणि नुसता रंग बदललेला बघायचा असेल तर काचही नको. फिल्टर पेपरवर मेणाच्या खडूने रेघा ओढा, मेण पार मागच्या बाजूपर्यंत उतरेल इतकं तापवा, झाली भिंत तयार. कागदावरच्या अशा चाचण्या हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवल्या होत्या.

एक मात्र कळकळीने सांगते, चिपला प्लास्टिक हवं म्हणून जिवाणूंचं कल्चर वाढवलेल्या जुन्या प्लेटा कापायला घेऊ नका, कोऱ्याच घ्या, आणि त्या पॉलिस्टायरीनच्या असतील तर ॲसिटोनने पुसू नका, विरघळतात.