‘सीझनली अ‍ॅडजस्टेड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: आर्थिक बातम्यांतल्या ‘सीझनली अ‍ॅडजस्टेड’साठी (म्हणजे दरवर्षी ठरावीक काळात होणारे चढउतार काढून टाकलेल्या आकड्यांसाठी) ‘हंगामी समायोजित आकडे’ चालेल का, की ‘ऋतुमानानुसार समायोजित’ बरं?

मला दोन्ही पटत नाहीत. ‘हंगामी’चा मराठीत ‘तात्पुरता’ असाही अर्थ होतो. हंगामी सरकार, हंगामी अध्यक्ष, हंगामी कामगार. त्यात सांख्यिकीत तात्पुरते आकडे ही वेगळीच गोष्ट असते; ते आधी जाहीर होतात, पक्के मागाहून येतात. ‘हंगामी आकडे’ वाचून बरेच जण तिकडेच वळतील.

‘ऋतुमानानुसार’मध्ये ही अडचण नाही, पण ‘नुसार’मुळे आकडे ऋतूला जुळवून घेतल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ऋतूचा वाटा काढून टाकलेला असतो. समजा, डिसेंबरात विक्री 1200 आणि जानेवारीत 945. वरवर पाहता घसरण. पण मागच्या वर्षांवरून असं दिसतं की डिसेंबर सरासरीच्या 1.2 पट असतो आणि जानेवारी 0.9 पट. त्या पटींनी भागलं की 1000 आणि 1050 उरतात, म्हणजे विक्री वाढलेली आहे! (पटींऐवजी ठरावीक रक्कम वजा करण्याचीही रीत आहे.) अमेरिकेच्या जनगणना विभागाची 1965ची ‘एक्स-11’ पद्धत मुळात हेच करते, फक्त पटी काढायला फिरत्या सरासरीची (म्हणजे लगतच्या महिन्यांच्या, पुढेपुढे सरकणाऱ्या सरासरीची) बरीच यातायात असते. नवे महिने आले की पटी बदलतात, म्हणून जुने आकडेही सुधारले जातात. त्यात कुणाची लबाडी नसते.

इथला ‘हंगाम’ निव्वळ हवामानाचा नाही, हेही ध्यानात घ्यावं. शाळांच्या सुट्ट्या, सण, वर्षअखेर, सारं त्यात येतं. ईस्टर कधी मार्चात, कधी एप्रिलात. रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो. अशा फिरत्या सणांचा हिशेब वेगळा करावा लागतो. उलट एखाद्या वर्षी अवचित कडाक्याची थंडी पडून बांधकामं थांबली, तर तो फटका आकड्यांत तसाच राहतो, कारण तो नेहमीचा नव्हे.

म्हणून बातमीत सरळ ‘हंगामी चढउतार वगळून’ लिहावं: ‘हंगामी चढउतार वगळून बेरोजगारी किंचित वाढली.’ इथे ‘हंगामी’ला ‘चढउतार’ची सोबत आहे, त्यामुळे अर्थ घसरत नाही. तक्त्यात एका रकान्यावर ‘मूळ’ आणि दुसऱ्यावर ‘हंगाम वगळून’ एवढं पुरे. ‘निर्हंगामीकृत’ वगैरे घडवणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार.

आणि हो, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना म्हणजे हे नव्हे. हंगाम तिथेही बराचसा टळतो, पण अर्थव्यवस्थेने अलीकडे घेतलेलं वळण त्या तुलनेत उशिरा दिसतं. तिला ‘वार्षिक वाढ’ म्हणावं आणि वेगळंच ठेवावं.