लेखनशंका : ही थंडी नेमकी कोणाची?

थंडीचे दिवस, सणसुट्ट्या आणि सरते वर्ष यांवर लिहू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या महिन्यात आली. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : हिवाळ्यावर ललित लेख लिहायला बसले की धुके, दुलई, वाफाळता चहा आणि शेकोटी यांपलीकडे हात जात नाही. यंदाचा लेख वाचून मैत्रीण म्हणाली, "छान आहे, पण मागच्या वर्षीही हाच लिहिला होतास ना?" काय करावे?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : सर्वप्रथम ही मैत्रीण जपावी. आपल्या लेखात थंडी आहे, पण ती कोणाला वाजते हे ठरलेले नाही, आणि ज्याला काहीच काम नाही अशा माणसाची थंडी सगळीकडे सारखीच असते. आपण नाशिकच्या आहात, म्हणजे दर हिवाळ्यात तापमानाच्या बातम्यांमध्ये झळकणारे निफाड आपल्यापासून फार दूर नाही. तेथे पारा फारच उतरला की द्राक्षबागायतदाराची झोप उडते, कारण कडाक्याच्या थंडीने तयार होत आलेल्या मण्यांना तडे जातात आणि वर्षभराचे कष्ट डोळ्यांदेखत मातीमोल होतात. म्हणून तो पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करतो आणि वेलींना विहिरीचे पाणी सोडतो, कारण त्या वेळी ते पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते. बांधापलीकडच्या शेजाऱ्याने गहू आणि हरभरा पेरलेला असेल, तर त्याला मात्र हीच थंडी आणखी आठवडाभर टिकायला हवी असते. एकाच बांधाच्या दोन बाजूंना, एकाच रात्री, दोन माणसे परस्परविरुद्ध गोष्टी मागत आहेत, आणि सकाळी दोघांची गाठ दूधसंकलन केंद्रावर पडणार आहे. लेखातून शेकोटी काढून टाकण्याची मुळीच गरज नाही; तिच्याभोवती गप्पा मारत बसलेल्या मंडळींना उठवावे आणि ती ज्याने रात्री तीन वाजता पेटवली त्याला बोलते करावे.

त्याच निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. तेथील पाहुण्या पक्ष्यांवर लिहायचे असेल, तर 'परदेशी पक्षी आले' एवढ्यावर न थांबता थापट्या, तलवार बदक, चक्रवाक अशी त्यांची नावे घ्यावीत.

शेतीवर लिहायचे नसेल, तर बीडकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात उतरणाऱ्या ऊसतोड कामगारांकडे पाहावे. त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असतो, आणि वाहन रात्री फडात आले तर मोळ्या रात्रीच भराव्या लागतात. त्यांच्या मुलांना शाळेची नाताळची सुट्टी कधी लागली आणि कधी संपली, याचा पत्ता कसा लागत असेल, या एका प्रश्नावर एक संपूर्ण कथा उभी राहू शकते. दुलईवर लिहिलेले शंभर लेख मी त्या एका कथेसाठी सोडून देईन.

प्रश्न : माझी कथा एकोणिसाव्या शतकातील पुण्यात घडते. तीत १४ जानेवारीला संक्रांतीचे हळदीकुंकू दाखवले आहे. एका जाणकारांनी त्यावर आक्षेप घेतला. संक्रांत तर दरवर्षी १४ तारखेलाच असते ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आक्षेप रास्त आहे. आपले इतर सण तिथीने येतात आणि संक्रांत सूर्याच्या राशिप्रवेशाने येते, त्यामुळे ती इंग्रजी तारखेला खिळलेली असल्याचा भास होतो. परंतु पंचांगातील सौर वर्ष ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले असून ते इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. ही मिनिटे साठत जातात आणि साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एका दिवसाने पुढे सरकते; हल्ली ती काही वर्षी १५ जानेवारीला येते, ते याचमुळे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला. म्हणजे आपल्या नायिकेने त्या वर्षी १४ तारखेला वाण लुटायला हरकत नाही, कारण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतेच. पण तो दिवस संक्रांतीचा म्हणून दाखवू नये.

जाता जाता आणखी एक गोष्ट. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली म्हणून कथा-कादंबऱ्या लिहिणारे त्या दिवशी संक्रांत गृहीत धरतात आणि तिळगुळावर रक्ताचे शिंतोडे उडवतात. वास्तविक त्या साली संक्रांत काही दिवस आधीच होऊन गेली होती. माझ्या मते तर अशा कथेला सणाच्या दिवसापेक्षा सण उलटून गेल्यानंतरचा उपासमारीचा दिवस अधिक शोभला असता, कारण मराठ्यांच्या छावणीत त्या वेळी धान्याची टंचाई पराकोटीला पोहोचली होती.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे वर्षाचा मोठा दिवस म्हणजे येळवस. तिच्यावर लिहिले, तर पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी तळटीप द्यावी का? शिवाय सरत्या वर्षाची कविता ३१ डिसेंबरची लिहावी की पाडव्याची, हेही कळत नाही.
— एक वाचक, औसा

उत्तर : तळटीप देऊ नये. येळवस म्हणजे वेळ अमावास्या; ती मार्गशीर्षाच्या अखेरीस येते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि सारे लोक शेतात जातात, कडब्याची कोप उभी राहते, तीत पांडवांची पूजा होते आणि आंबिल व भज्जीचे जेवण होते. इतके सगळे समजावून सांगणारा लेखक वाचकाला कोपीच्या बाहेरच ताटकळत ठेवतो. त्यापेक्षा शहरातून पहिल्यांदाच आलेला एखादा जावई भज्जी म्हणून तळलेल्या भज्यांची वाट पाहत बसला आहे आणि त्याच्या पानात शेंगा, हरभरा नि पालेभाज्यांचे दाटसर मिश्रण पडते, असे दाखवावे. वाचक त्याच्याबरोबर शिकतो.

दुसऱ्या शंकेबाबत सांगायचे, तर आपल्याकडे वर्ष एकदाच पालटत नाही. व्यापाऱ्याची वही दिवाळीत बदलते, बँकेतल्या कारकुनाचे वर्ष ३१ मार्चला संपते, मराठी संवत्सर चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते आणि भारत सरकारने १९५७ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचा पहिला दिवस २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला, येतो. गोव्यात ३१ डिसेंबरच्या रात्री पोरे जुन्या वर्षाचा म्हातारा जाळतात, आणि त्याच्या नावाने आधी काही दिवस वर्गणीही गोळा करतात. तेथे ती तारीख मुळीच उसनी वाटत नाही. आपल्या कवितेतील माणसाचे देणे-घेणे ज्या दिवशी नव्याने सुरू होते, तो दिवस निवडावा. आपण येळवसीला एवढा मोठा दिवस म्हणता, तर कवितेतही तोच का नको?

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. येथे संक्रांत ऐन उन्हाळ्यात येते. तिच्यावर लिहिताना थंडी नाही म्हणून काहीतरी खोटे वाटते.
— एक वाचिका

उत्तर : खोटे वाटते ते थंडी आणण्याचा प्रयत्न केल्यामुळे. आपल्याकडे या दिवसापासून दिवस तिळातिळाने मोठा होतो असे म्हणतात. मेलबर्नला मात्र तो डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर लहान होऊ लागलेला असतो. ऊब धरणारी म्हणून नेसली जाणारी काळी साडी तेथे चाळिशीकडे झुकलेल्या पाऱ्यात नेसायची, आणि उष्ण म्हणून खाल्ला जाणारा तीळ त्याच दुपारी वाटायचा. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांनीही हे सण पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यातच केले आहेत. या उलटेपणाची तक्रार न करता त्यातच प्रसंग बसवावा. जानेवारीत मेलबर्नच्या दुपारी साडेबाराला पुण्यात सकाळचे सात वाजलेले असतात. बोरन्हाणासाठी व्हिडिओ कॉल लावला आहे, पलीकडे स्वेटर आणि कानटोपी घातलेली आजी आहे, अलीकडे पंख्याखाली उघडाबंब नातू बसला आहे. आजी पहिली सूचना काय करील, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असणार.