मुलीच्या नावाने भरलेला अर्ज

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आतापर्यंत ७४ टक्के आहेत. तिला 'इन्फर्मेशन सायंटिस्ट' व्हायचंय. म्हणजे शेवटी लायब्ररीच ना? आणि आता एआय सगळं शोधून देतं. मी तिचा डेटा सायन्सचा अर्ज भरून टाकला आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही तिला समजवावं. – एक पालक

उत्तर : गुणांची काळजी सोडा, ७४ टक्क्यांवर काही अडत नाही. मला खटकलं ते 'तिला अजून सांगितलेलं नाही' हे वाक्य. मुलगी सज्ञान आहे, पदवीधर व्हायला आली आहे आणि तिच्या पुढच्या दोन वर्षांचा निर्णय तिच्या पाठीमागे घेऊन झाला आहे. वर तिला पटवायचं काम माझ्यावर! ते मी करणार नाही. तिला हे क्षेत्र का हवंय, याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्द नाही. तुम्ही विचारलंच नसावं, असा माझा अंदाज आहे. उद्या डेटा सायन्सच्या पहिल्याच सत्रात ती अडखळली, तर 'मला कुठे हे हवं होतं' म्हणायला ती मोकळी आणि 'तुझ्या भल्यासाठीच केलं' म्हणायला तुम्ही. अशी घरं मी बरीच पाहिली आहेत.

आता एआयबद्दल. इन्फर्मेशन सायंटिस्ट म्हणजे एखाद्या विषयावरचं संशोधन शोधून, पारखून, नीट लावून देणारा माणूस. काहीतरी सापडणं आणि काहीही सुटलेलं नाही याची खात्री देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. एका औषधाच्या दुष्परिणामांवरचे सगळे अभ्यास गोळा करायचे आहेत असं समजा. काही लेखांत 'पॅरासिटामॉल' असेल, काहींत 'अ‍ॅसिटामिनोफेन'. औषध एकच. नुसत्या एका नावाने शोधणाऱ्याच्या हातून निम्मं निसटू शकतं आणि निसटलंय हे त्याला कळतही नाही. पेटंटमध्ये तर कधी कधी संयुगाचं नाव न देता नुसती रचना काढलेली असते. तिथे एक जुना दस्तऐवज नजरेतून सुटला, तर कंपनीचं वर्षानुवर्षांचं संशोधन वाया जाऊ शकतं. एआय मदत करतं, पण अस्तित्वातच नसलेले संदर्भही ठामपणे देतं. ते पकडायला विषय कळणारं माणूस लागतं. केमिस्ट्री इथे भांडवल आहे. 'सायन्स सायटेशन इंडेक्स' १९६४ मध्ये आणणारे यूजीन गारफील्ड आधी रसायनशास्त्र शिकले, मग ग्रंथालयशास्त्र, मग भाषाशास्त्रात डॉक्टरेट. कोणाचा लेख कोणी उद्धृत केला, या त्यांच्या हिशेबाची कल्पना पुढे गूगलच्या पेजरँकमागेही, म्हणजे वेबपानांचा क्रम लावण्याच्या पद्धतीमागेही होती. लायब्ररीला नाक मुरडण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

मार्ग सरळ आहे : ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी, तिची प्रवेश परीक्षा, शिकवायचं असेल तर पात्रता परीक्षा. मात्र अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका, विषयांची यादी वाचा. माहिती शोधप्रणाली, मेटाडेटा (माहितीबद्दलची माहिती), थोडं संख्याशास्त्र, थोडं पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) नसेल तर दुसरीकडे बघा. जाहिरातींतही 'इन्फर्मेशन सायंटिस्ट' हा शब्द क्वचितच दिसेल. पेटंट सर्च अ‍ॅनालिस्ट, लिटरेचर सर्च, टॅक्सॉनॉमी (विषयांची वर्गवारी), नॉलेज मॅनेजमेंट अशा नावांनी शोधावं लागेल. सुरुवातीचं काम कंटाळवाणंही असतं. संशोधन लेखांचे शेकडो सारांश वाचून बहुतेक बाजूला काढायचे. ज्याला यात मजा येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, आणि हे मी तुमच्या मुलीलाही सांगेन.

त्यासाठी तिने एक करून पाहावं. केमिस्ट्रीतला एखादा नेमका प्रश्न घेऊन पबमेडवर, म्हणजे वैद्यक आणि जीवशास्त्रातल्या संशोधन लेखांच्या ऑनलाइन सूचीवर शोधावा. ते विनामूल्य आहे. कोणते शब्द वापरले, कोणते का बदलले, किती लेख आले, त्यातले किती कामाचे निघाले, सगळं लिहून ठेवावं. दोन-तीन संध्याकाळी यात घालवूनही तिला पुढे शोधावंसं वाटलं, तर तिची आवड खरी. वैतागली, तर डेटा सायन्सच काय, आणखी चार वाटांचा विचार करू.

आज घरी गेल्यावर अर्जाचं आधी तिला सांगा. ती चिडेल, चिडू द्या. नंतर ती नोंद घेऊन तिने स्वतः मला लिहावं. पुढचं उत्तर मी तिलाच देईन.