पहिल्यांदा ऑनलाइन गेममध्ये उतरतोस ना, मग हे ऐक

भावा, सुरुवात ओल्ड स्कूल रूनस्केपनं कर. गेम २०१३ चा, फुकट चालू करता येतो, साध्या मोबाईलवरही चालतो आणि तेच खातं कॉम्प्युटरवर उघडतं. लातूरच्या होस्टेलच्या नेटवर तेवढंच झेपतं.

आधी ट्युटोरियल आयलंड, म्हणजे खेळ शिकवणारं सुरुवातीचं बेट, नीट पूर्ण कर, घाई नको. मग मासे धर, लाकडं तोड, छोट्या क्वेस्ट (गेमनं दिलेल्या मोहिमा) कर.

आपल्याकडं लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. वायफाय तुटलं तरी लढाईत सापडलेलं पात्र लगेच बाहेर पडत नाही, थोडा वेळ तिथंच मार खात उभं राहतं. म्हणून आभाळ भरून आलं की मोठ्या राक्षसाच्या नादी लागू नको. वाइल्डरनेस नावाच्या धोक्याच्या भागात तर दुसरे खेळाडूच मारतात आणि सामान लुटतात; तिथं जाताना गमावलं तरी चालेल तेवढंच घेऊन जा.

ग्रँड एक्स्चेंज या गेममधल्या बाजारापाशी ‘नाणी दे, दुप्पट करतो’ म्हणणारे भेटतील. एक नाणंही देऊ नको. पासवर्ड तर मित्रालाही नाही, आणि ऑथेंटिकेटर (लॉगिन करताना पासवर्डसोबत कोड मागणारं दुसरं कुलूप) आजच लाव.

अडलास तर चॅटमध्ये बिनधास्त विचार. मोडकं इंग्रजी चालतं तिथं. क्लॅन, म्हणजे खेळाडूंचा गट, मात्र लगेच धरू नको, आठवडाभर माणसं बघ.