मेचिरची पाठ

प्रश्न: काका, अंगात एवढी कला असून ग्रँड स्लॅम हुकलेला तुमचा टेनिस खेळाडू कोण? चिलीचा मार्सेलो रिओस ना? – एक वाचक, सातारा

उत्तर: रिओस १९९८मध्ये निदान नंबर एक तरी झाला. माझा जीव अडकलाय चेकोस्लोव्हाकियाच्या मिलोस्लाव मेचिरमध्ये. मांजराच्या पावलांनी चेंडूपाशी पोचायचा. १९८६च्या अमेरिकन ओपनची फायनल लाकडी रॅकेटने खेळला, लेंडलने धुतलं. १९८८ला विम्बल्डनच्या सेमीफायनलमध्ये एडबर्गवर दोन सेटची आघाडी, आणि हरला! (मी त्या रात्री जेवलो नाही. आई वैतागली.) त्याच वर्षी सोलला एडबर्गलाच हरवून पुढे ऑलिंपिक सुवर्ण. मग पाठ गेली. १९९०मध्ये, २६व्या वर्षी, खेळ बंद. रिओसलाही पाठीनेच छळलं म्हणा, पण त्याच्याबद्दल मला एवढी माया नाही.