दहा वर्षांच्या लॅपटॉपची रॅम आधी वाढवावी, एसएसडी आधी बसवावी, की नवाच घ्यावा?

आपण लिहिले आहे की लॅपटॉप दहा वर्षांचा आहे, त्यात ४ जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती) आणि मूळचीच हार्ड डिस्क आहे, सुरू व्हायला सहा मिनिटे लागतात आणि रोजचे लेखन, ईमेल व व्हिडिओ एवढ्यासाठीच तो हवा आहे. माझे उत्तर असे: आधी बॅकअप, मग एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर साठवणारी डिस्क), आणि रॅमचा विचार त्यानंतर. हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण नेमका उलटा क्रम धरल्यामुळे माझ्या वडिलांच्या अकरा वर्षांच्या कामातला काही भाग कायमचा गेला, आणि तो क्रम मला संगणकाच्याच क्षेत्रात नोकरी करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने सांगितला होता.

बाबा निवृत्तीनंतर पक्षी पाहू लागले. कोणता पक्षी, कधी, कुठल्या झाडावर, हे रोज संध्याकाळी ते लॅपटॉपवर टंकून ठेवत आणि पक्ष्यांचे आवाजही ध्वनिमुद्रित करून त्यातच साठवत. यंत्र मंदावले तसे त्यांनी आधी ते सुरू करून मग हातपाय धुवायला जाण्याची सवय लावून घेतली. तक्रार अशी कधी केली नाही. मी दादाला फोन केला. त्याने लॅपटॉप पाहिला नाही, काही विचारले नाही, ‘रॅम टाक, पळायला लागेल’ एवढेच सांगितले. मी ४ जीबीची पट्टी आणून रिकाम्या खाचेत बसवली, एकूण ८ जीबी झाली, आणि सुरू व्हायला लागणाऱ्या सहा मिनिटांची साडेपाच मिनिटे झाली. मग त्याने डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेल्या फायली सलग मांडणे) करायला सांगितले, तेही केले. शेवटी म्हणाला, चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क-तपासणी, रात्रभर लावून ठेव. मध्यरात्री मला लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यातून ‘टक्… टक्’ असा आवाज ऐकू आला. तो बिघडत चाललेल्या हार्ड डिस्कचा होता हे मला तेव्हा कळले नाही आणि मी झोपले. सकाळी विंडोज सुरूच झाले नाही. दादाचे त्यावरचे मत होते, ‘भंगारात दे आणि नवा घे.’

टास्क मॅनेजर (मेमरी, डिस्क किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून दोन मिनिटे पाहिले असते तर यातले काहीही घडले नसते. आपण आजच पाहा. लॅपटॉप रखडत असताना ‘मेमरी’ निम्म्यावर आणि ‘डिस्क’ मात्र १०० टक्के दिसत असेल, आणि तरीही वाचनाचा वेग सेकंदाला एक-दोन एमबीच असेल, तर अडथळा रॅमचा नाही. अशा लॅपटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय ते डोके योग्य वर्तुळावर सरकायलाही वेळ लागतो. त्यामुळे विखुरलेले तुकडे वाचताना ती सेकंदाला शंभरचाही पल्ला गाठत नाही, आणि विंडोजला सुरू होताना असे हजारो लहान तुकडे लागतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होते. म्हणूनच डिस्कला बोर्डाशी जोडणारे लॅपटॉपचे साटा जोडण जुन्या पिढीचे, ३ गिगाबिटचे असले तरी फरक लख्ख जाणवतो. खोक्यावर छापलेला ५००-५५० एमबीचा वेग आपल्याला पुरता मिळणार नाही, पण रोजच्या कामात त्याची उणीव भासत नाही.

दुसरी तपासणी डिस्कच्या प्रकृतीची. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कने स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवलेल्या, ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदी दाखवते. त्यातली ०५ ही ओळ बाद करून बदललेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या लहान कप्प्यांची), तर सी५ ही वाचता न आल्यामुळे अडकून पडलेल्या सेक्टरांची. सी५ शून्याहून मोठी असेल तर डीफ्रॅग आणि चेकडिस्क यांना हातही लावू नये. डीफ्रॅग आजारी डिस्कवर भरमसाट लिहायला लावते, आणि पृष्ठभाग तपासणारी चेकडिस्क तिचा कोपरा न् कोपरा वाचायला लावते. जी डिस्क आणखी काही तासच चालणार आहे, तिचे ते तास आपल्या फायली बाहेर काढण्यासाठी वापरायचे असतात. बाबांच्या डिस्कचे ते तास मी तपासणीत घालवले.

पुढचे काम मी दादाला न विचारता केले. डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि दुसऱ्या संगणकावर लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीतल्या डीडीरेस्क्यू या साधनाने तिची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घेतली. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेला भाग मागे ठेवून पुढे जाते आणि कुठवर आलो याची नोंद एका फाइलीत ठेवते, त्यामुळे मध्ये थांबून डिस्क थंड होऊ देता येते. दोन दिवस आणि तीन रात्री लागल्या. टंकलेल्या नोंदी सगळ्या परत आल्या. ध्वनिमुद्रणांच्या तीन फोल्डरांतल्या बऱ्याच फायली मात्र उघडल्याच नाहीत, आणि रातव्याचा आवाज त्यांतच होता. तो मिळवण्यासाठी बाबा चार रात्री जागले होते.

नव्या एसएसडीवर मी लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घातली. बसवण्यात अवघड काही नव्हते. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाडीची आणि एसएसडी सात, एवढाच फरक होता. चौकट जुनीच वापरली आणि खाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवली. स्क्रू मात्र कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून ज्याच्या त्याच्या जागी ठेवावेत, कारण ते सगळे एका लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरचे प्लास्टिक फुटते किंवा बोर्डाला इजा होते. उघडलाच होता म्हणून पंखाही पाहिला. पंखा आणि तांब्याच्या नळीवरची पाती यांच्यामध्ये धुळीची घोंगडीसारखी पट्टी जमली होती. ती चिमट्याने अख्खी निघाली. लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो आणि बाबा अजून त्याच्यावरच लिहितात.

‘एवढे तास घालवण्यापेक्षा नवा परवडतो,’ असे दादा आजही म्हणतो. त्यातले डिस्क वाचवण्याचे तास त्याच्याच सल्ल्यामुळे खर्ची पडले. निव्वळ एसएसडी बसवून नवी प्रणाली घालायला एक दुपार पुरते.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. मी रॅमच्या विरुद्ध नाही. आजच्या ब्राउझरला ४ जीबी अपुरी पडते, तेव्हा एसएसडीनंतर ८ जीबी जरूर करावी. मात्र पट्टीचा प्रकार डीडीआर३, कमी व्होल्टेजची डीडीआर३एल की डीडीआर४, हे जुन्या पट्टीवरच वाचावे. डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालते, आणि तीच मागणाऱ्या काही लॅपटॉपांत १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ घातली तर यंत्र सुरूच होत नाही. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर तो विषय तिथेच संपतो. आत एम.२ची (पट्टीसारख्या लहान एसएसडीची) खाच दिसली म्हणून एनव्हीएमई (साटाहून वेगळ्या, जास्त वेगवान प्रकारची) एसएसडी आणू नये. त्या काळातल्या कित्येक खाचा फक्त साटा प्रकार ओळखतात. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल तर बॅटरी फुगली आहे. ती दाबू नये, चार्जिंग त्याच क्षणी बंद करावे आणि बाकी सगळ्याच्या आधी ती बदलावी. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आपल्या यंत्राला ते अधिकृतपणे मिळणार नाही. विंडोजवाचून चालणार नाही असे एखादे सॉफ्टवेअर आपल्याला रोज लागत असेल, तर नवा घेण्याचे ते एक खरे कारण आहे. बोर्डच मधूनमधून बंद पडत असेल, तर ते दुसरे.

०५ आणि सी५ या दोन ओळींतले आकडे आणि लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल इथेच लिहिलेत, तर रॅम कोणती चालेल ते सांगते. सी५ शून्य नसेल तर उत्तराची वाट पाहू नका. आधी बाहेरची डिस्क जोडा आणि पुन्हा मिळणार नाहीत त्या फायली पहिल्यांदा उतरवून घ्या.