ऑस्ट्रियातल्या बाड गास्टाइनला पहिल्यांदा जाताय?

साल्झबर्गहून रेल्वेने दीडेक तासात पोचाल, गाडी भाड्याने घेऊ नका. स्टेशन वरच्या अंगाला आहे आणि गाव उतारावर, त्यामुळे आई-बाबा सोबत असतील तर हॉटेल वरच बघा. आम्ही खाली घेतलं आणि दोन बॅगा ओढत चढताना नवरा-बायकोत जे संवाद झाले ते इथे नको!

धबधबा गावाच्या मधोमध कोसळतो, तीन टप्प्यांत 341 मीटर. पुलावर उभं राहिलात की चष्म्यावर तुषार साचतात. झोप सावध असेल तर त्या बाजूची खोली टाळा, रात्रभर घोंघावतं.

गरम पाण्याच्या तलावांचं स्नानगृह, फेल्सेनथेर्म, स्टेशनसमोरच आहे. तिथे सौना (गरम हवेच्या खोल्या) विभागात पोहण्याचे कपडे चालत नाहीत, सगळे विवस्त्र असतात. लाज वाटत असेल तर फक्त तलावांचं तिकीट काढा. आणि पाण्यात रेडॉन हा किरणोत्सारी वायू असतो, म्हणून गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. शेजारच्या बोकश्टाइन गावात बोगद्यातल्या रेडॉनयुक्त गरम हवेत बसवून उपचार करतात, त्याला तर वैद्यकीय तपासणी लागतेच.

1865 मध्ये प्रशिया (तेव्हाचं जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रियाचा करार इथेच झाला. जुनी थोराड हॉटेलं बघायला एक संध्याकाळ राखून ठेवा.